श्रिंकेजची पट्टी आणि नऊ प्रश्न

पहिला फॉर्म मी २०१८ च्या जानेवारीत कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंड ओतण्याच्या कारखान्यात, भरून घेतला. मालकांनी चहा मागवला, चष्मा लावला, नऊ प्रश्न तीन मिनिटांत संपवले आणि कागद माझ्या हातात दिला. नऊच्या नऊ प्रश्नांना सातपैकी सात. "अजून काही लागलं तर सांगा मॅडम, आपल्याकडं कशाचीच कमी नाही," म्हणाले. गेटबाहेर येऊन मी तो कागद पुन्हा बघितला. पीएचडीचा विषय मंजूर होऊन सहा महिने झाले होते, वाचन भरपूर झालं होतं, आणि हातात पडलेल्या पहिल्याच आकड्यांचं काय करायचं ते मला कळत नव्हतं.

विषय आधी सांगते. चालू कंपनीच्या आत नवं काही घडवण्याची वृत्ती असते आणि त्यासाठी लागणारी मोकळीक असते. नवं उत्पादन, नवी प्रक्रिया, नवा बाजार, पैसे अडकवायची तयारी, हे सगळं त्यात येतं. व्यवस्थापनशास्त्रात तिला कॉर्पोरेट आंत्रप्रनरशिप म्हणतात. मी 'कंपनीतली उद्योजकता' म्हणते. ती मोजायची कशी, आणि जिथे ती जास्त तिथे कंपनीचं खरंच बरं चालतं का, एवढाच माझा प्रश्न होता. १९८३ मध्ये डॅनी मिलर यांनी नावीन्य, पुढाकार आणि जोखीम या तीन गोष्टी एकत्र मांडल्या. १९८९ मध्ये जेफ्री कोव्हिन आणि डेनिस स्लेव्हिन यांनी त्यावरून नऊ प्रश्नांची पट्टी तयार केली. प्रत्येक प्रश्नात दोन टोकांची दोन वाक्यं आणि मध्ये एक ते सात आकडे. त्यांनी ती अमेरिकेतल्या १६१ छोट्या उत्पादक कंपन्यांवर वापरली होती. पुढे जगभर, आपल्यासारख्या देशांतही, याच नऊ प्रश्नांचा वापर होत राहिला. मीही तेच घेऊन कोल्हापुरात फिरायला निघाले होते.

कोल्हापूरच का, तर माझे वडील पॅटर्नमेकर होते. शिवाजी उद्यमनगरातल्या एका शॉपमध्ये त्यांनी आयुष्यभर लाकडी साचे, म्हणजे पॅटर्न, केले. आधी ऑइल इंजिनाचे, उसाच्या चरकाचे भाग, नंतर गाड्यांचे. लहानपणी मी त्यांचा डबा घेऊन जायची. त्यांच्या टेबलावर दोन पट्ट्या असायच्या. एक साधी, आणि दुसरी श्रिंकेजची. ओतलेलं लोखंड थंड होताना आक्रसतं, म्हणून साचा थोडा मोठा करावा लागतो. ग्रे आयर्नला, म्हणजे साध्या ओतीव लोखंडाला, मीटरमागे साधारण दहा मिलिमीटर, पोलादाला वीसच्या आसपास. दर वेळी हिशेब नको म्हणून ती पट्टीच तेवढी लांब आखलेली असते. तिच्यावरचा एक मीटर खऱ्या मीटरपेक्षा मोठा. "धातू बदलला की पट्टी बदलायची," एवढं अण्णांनी मला तेव्हाच सांगितलं होतं. पहिला फॉर्म घरी नेऊन त्यांना दाखवला तेव्हा त्यांनी नऊ प्रश्न वाचले, चष्मा काढला आणि विचारलं, "ही पट्टी कुठल्या धातूची?"

मग मी भाषांतरापासून पुन्हा सुरुवात केली. आधी मी प्रश्न स्वतःच मराठीत आणले होते, तेही घाईत. आता रीतसर केलं. इंग्रजी विषयाच्या एका सहकारी मॅडमनी मराठी केलं, आणि मूळ प्रश्न अजिबात न पाहिलेल्या दुसऱ्या सरांनी त्या मराठीवरून पुन्हा इंग्रजी केलं. १९७० मध्ये रिचर्ड ब्रिस्लिन यांनी ही उलट भाषांतराची पद्धत मांडली, तेव्हापासून ती रूढ आहे. कागद परत आले तेव्हा मला धक्काच बसला. 'रिस्क'चं आम्ही 'धोका' केलं होतं, ते 'डेंजर' होऊन परतलं. 'प्रोअ‍ॅक्टिव्ह'चं 'पुढाकार घेणारे' केलं, त्याचं 'लीडरशिप' झालं. पुढे सांगते त्या दुसऱ्या प्रश्नावलीतली 'स्वायत्तता' नीट परतली, पण मोल्डिंग शॉपमध्ये, म्हणजे पॅटर्नवरून वाळूचे साचे करतात तिथे, तो शब्द कुणालाच कळला नाही. शेवटी 'धोका' जाऊन 'जोखीम' आली, आणि 'स्वायत्तता' जाऊन 'साहेबांना न विचारता तुम्ही काय काय बदलू शकता' असा लांबलचक प्रश्न आला. लांब झाला, पण लोक त्याचं उत्तर द्यायला लागले.

एका प्रश्नाने तर फार दिवस घेतले. मूळ पट्टीत एका टोकाला अर्थ असा आहे की आजूबाजूची परिस्थिती पाहता हळूहळू, बिचकत, लहान लहान पावलं टाकणं बरं. आणि दुसऱ्या टोकाला, धडाडीने मोठी पावलं टाकायलाच हवीत. आता 'बिचकत' या शब्दावर कोल्हापुरातला कुठला कारखानदार खूण करणार? पहिल्या मालकांचे सातपैकी सात कुठून आले ते मला इथे कळलं. प्रश्नच असा होता की एका बाजूला माणूस शूर ठरतो आणि दुसऱ्या बाजूला भित्रा. मी 'बिचकत' काढून 'एक एक पायरी, पैसे हातात आल्यावर पुढची' असं केलं. त्यानंतर उत्तरं दोन्ही बाजूंना पडायला लागली. कितीतरी जणांनी अभिमानाने त्याच बाजूला खूण केली. बँकेचं कर्ज काढून मशीन घेणं त्यांना धाडसाचं वाटत नव्हतं. पोटाला चिमटा काढून रोखीत मशीन घेणं हे त्यांच्या दृष्टीने धाडस होतं. मूळ पट्टीच्या हिशेबाने ही मंडळी सावध ठरतात. मला ती सावध वाटली नाहीत.

आणखी एक प्रश्न स्पर्धकांबद्दल होता. एका टोकाला 'जगा आणि जगू द्या', दुसऱ्या टोकाला प्रतिस्पर्ध्याला नामोहरम करणं. मूळ पट्टीत दुसऱ्या टोकाला जास्त गुण, कारण तिथे आक्रमकपणा हे उद्योजकतेचं लक्षण धरलंय. गोकुळ शिरगावात मी एका मालकांना हा प्रश्न विचारत होते, तेवढ्यात शेजारच्या फाउंड्रीतला मुलगा आला. त्यांच्याकडे लोखंडात मिसळायचं फेरोसिलिकॉन संपलं होतं, ट्रक संध्याकाळी येणार होता, भट्टी चालू होती. मालकांनी स्टोअरकीपरला हाक मारली आणि दोन पोती द्यायला सांगितली. वहीत नोंद झाली, मुलगा गेला. ही शेजारची फाउंड्री म्हणजे त्यांची थेट स्पर्धक. दोघे एकाच ग्राहकाला ब्रेक ड्रम पुरवत होते. मी तसं विचारल्यावर म्हणाले, "अहो, आज त्याची भट्टी थांबली तर उद्या माझी थांबेल तेव्हा मी कुणाकडं जाऊ?" त्यांनी प्रश्नाला दोन अशी खूण केली. मूळ पट्टीने त्यांचे गुण कापले असते. पण ज्या माणसाला शेजारी माल उसना देतो, त्याला लोखंडाची नवीन ग्रेड करून बघायची हिंमत जास्त असते, कारण काही अडलं तर शेजार आहे. जिथे पुरवठा, कर्ज, कोर्ट या यंत्रणांवर पूर्ण भिस्त ठेवता येत नाही तिथे नातीच ती जागा भरून काढतात. तरुण खन्ना आणि कृष्णा पालेपू यांनी १९९७ मध्ये उदयोन्मुख बाजारांबद्दल हेच मांडलं होतं, मोठ्या उद्योगसमूहांच्या संदर्भात. मला ते दोन पोत्यांत दिसलं. हा प्रश्न मी पट्टीत ठेवला, पण बेरजेत धरला नाही. मार्गदर्शकांचा याला विरोध होता. इतर देशांशी तुलना करता येणार नाही, असं त्यांचं म्हणणं, आणि ते चूक नव्हतं. आम्ही दोन्ही बेरजा दिल्या.

'गेल्या पाच वर्षांत किती नवी उत्पादनं बाजारात आणली?' हा प्रश्न वाचायला सगळ्यांत सोपा. पण जॉबिंग फाउंड्रीचं स्वतःचं असं उत्पादनच नसतं. ड्रॉइंग ग्राहकाचं, ग्रेड ग्राहकाची, नावही ग्राहकाचं. त्यामुळे बहुतेकांनी शून्य लिहिलं. नंतर एका क्वालिटी इन्चार्जशी बोलताना 'डेव्हलपमेंट' हा शब्द आला. "या महिन्यात अकरा डेव्हलपमेंट आहेत." म्हणजे अकरा नवे पार्ट, ज्यांचे पॅटर्न, कोअर बॉक्स (आतल्या पोकळीसाठीचा साचा), गेटिंग (धातू आत जायची वाट) सगळं पहिल्यापासून ठरवायचं, सॅम्पल ओतायचं, कापून बघायचं, ग्राहकाची मंजुरी मिळवायची. शून्य लिहिणाऱ्या कारखान्यात महिन्याला अकरा नव्या गोष्टी घडत होत्या. मी प्रश्न बदलला. 'गेल्या वर्षी किती डेव्हलपमेंट घेतल्या, त्यांतल्या किती तुम्ही आधी कधीच न केलेल्या ग्रेडच्या किंवा वजनाच्या होत्या?' आता आकडे मिळायला लागले, आणि आकड्यांत फरकही दिसायला लागला.

काही अभ्यासक नावीन्य मोजायला संशोधनावरचा खर्च बघतात. आमच्याकडे त्यालाही अर्थ नव्हता. लहान फाउंड्रीच्या खतावणीत 'संशोधन' नावाचं खातंच नसतं. वाळू धरून ठेवणारा नवीन बाइंडर वापरून वाळूच्या दहा चाचण्या केल्या तर तो खर्च कन्झ्युमेबल्समध्ये, म्हणजे रोजच्या वापराच्या सामानात, जातो, आणि वाया गेलेलं लोखंड पुन्हा भट्टीत. मोठ्या कंपन्यांचं उलट. आयकर कायद्याच्या ३५(२एबी) कलमाखाली मान्यताप्राप्त संशोधन केंद्राच्या खर्चावर २०१६-१७ पर्यंत दुप्पट वजावट मिळत होती, पुढे ती दीडपट झाली आणि १ एप्रिल २०२० पासून खर्चाइतकीच. म्हणजे त्या काळातला ताळेबंदावरचा संशोधनखर्च वाचताना करसवलतही लक्षात घ्यावी लागते. एकाच देशात, एकाच शहरात, एक जण खर्च दाखवतो आणि दुसऱ्याच्या वहीत त्याला जागाच नाही.

इथपर्यंत मी फॉर्म फक्त मालकांकडूनच भरून घेत होते. हीच या विषयातली रूढ पद्धत. एका कंपनीतून एकच माणूस, शक्यतो सर्वांत वरचा. मला ते बदलायचं होतं, कारण अण्णांच्या शॉपमध्ये नवी कल्पना कुठून निघते ते मी डोळ्यांनी बघितलं होतं. डोनाल्ड कुराट्को, जेफ्री हॉर्न्सबी आणि शाकर झहरा यांनी कंपनीच्या आतलं वातावरण मोजायला दुसरी एक प्रश्नावली विकसित केली आहे. वरिष्ठांचा पाठिंबा, कामातली मोकळीक, बक्षीस-शाबासकी, हाताशी असलेला वेळ आणि कामाच्या चौकटी असे तिचे पाच भाग आहेत. त्यांनी ती मधल्या फळीतल्या व्यवस्थापकांसाठी केली होती. मी त्यातले थोडे प्रश्न घेतले आणि सुपरवायझर, मोल्डर, फर्नेसवरचे ऑपरेटर यांच्याकडे गेले.

पण कागद चालेना. फॉर्म हातात दिला की लोक सगळीकडे चारवर खूण करायचे, अगदी मधोमध. एकाने तर विचारलं, "हे मालकांना दावणार काय?" नाव लिहायचं नाही, कुणाला दाखवणार नाही, असं सांगूनही कागद म्हटलं की सही, आणि सही म्हटली की भीती. मग एका पॅटर्न शॉपमध्ये जेवणाच्या सुट्टीत मी टेबलावर खडूने सात चौकटी आखल्या. डाव्या बाजूच्या वाक्याचा कागद डावीकडे, उजव्या बाजूचा उजवीकडे. एकेकाला आत बोलावलं आणि हातात बारा एमएमचा एक नट दिला. वाक्यं मी वाचायची, त्यांनी नट ठेवायचा. चौकट मी माझ्या वहीत नोंदवायची आणि नट उचलून घ्यायचा. मागे काहीच उरत नव्हतं. पहिल्यांदाच नट टेबलाच्या दोन्ही टोकांना पडायला लागले.

एक वाक्य असं होतं: कामात चूक झाली तर इथे कडक बोलणी आणि शिक्षा होते. साठीच्या आतबाहेरचे एक मोल्डर, सगळे त्यांना मामा म्हणत, नट बोटात फिरवत उभे राहिले. मी थांबले. त्यांनी नट दुसऱ्या चौकटीवर ठेवला, परत उचलला, सहावर ठेवला. "ताई, चूक कुणाची त्येच्यावर हाय," म्हणाले. मग त्यांनी मला बाहेर नेलं आणि एका बेअरिंग हाऊसिंगच्या साच्यावर बोट ठेवलं. त्या पार्टला आतून पोकळी पडायची, रिजेक्शन थांबत नव्हतं. मामांना वाटत होतं की रायझर, म्हणजे आक्रसणाऱ्या भागाला जादा वितळलेलं लोखंड पुरवणारी जागा, चुकीच्या बाजूला आहे, जाड भाग शेवटी गोठतो तिथे तो हवा. त्यांनी दोन रात्रपाळ्यांत कुणाला न सांगता सहा साचे तसे करून बघितले. सहाही चांगले निघाले. तरीही त्यांनी महिनाभर ते कुणाला सांगितलं नाही. कारण विचारलं तर म्हणाले, "सांगितलं आन सातवा खराब निघाला असता तर?" शेवटी सुपरवायझरच्या लक्षात आलं, मग पॅटर्न बदलला. त्या कारखान्याच्या मालकांनी 'आमच्याकडे कामगारांच्या कल्पनांना प्रोत्साहन मिळतं' या वाक्याला सात दिले होते. ते खोटं बोलत नव्हते. त्यांच्यापर्यंत जेवढं पोहोचत होतं तेवढ्यावरून त्यांना तसंच वाटत होतं.

बत्तीस कारखान्यांत मी दोन्ही उत्तरं घेतली, केबिनमधली आणि शॉपमधली. एकाच छताखालच्या या दोन आकड्यांत जे अंतर होतं ते काही ठिकाणी दोन कारखान्यांमधल्या अंतरापेक्षा जास्त होतं. आता कंपनीचा आकडा कुठला धरायचा? मार्गदर्शक म्हणाले, सरासरी घ्या. मला ते पटलं नाही. मालक सात म्हणतात आणि मोल्डर दोन म्हणतो, तिथे साडेचार कुणीच म्हणत नाही. मी अंतर हाच स्वतंत्र आकडा केला.

आता कामगिरी. इथे मी सर्वांत जास्त अडकले. बहुतेक फाउंड्र्या भागीदारीतल्या किंवा एकट्याच्या मालकीच्या, त्यांचे हिशेब कुठे जाहीर नसतात. प्रायव्हेट लिमिटेड असतील तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या साइटवर पैसे भरून ताळेबंद मिळतो, पण तो मागच्या वर्षाचा. त्यातून २०१७ च्या जुलैत जीएसटी आलेला, त्यामुळे आधीच्या आणि नंतरच्या विक्रीच्या आकड्यांची तुलना सरळ होत नव्हती. अशा वेळी अभ्यासक मालकालाच विचारतात, स्पर्धकांच्या तुलनेत तुमचं कसं चाललंय, एक ते सात. १९८४ मध्ये ग्रेगरी डेस आणि रिचर्ड रॉबिन्सन यांनी दाखवलं की पक्के आकडे मिळत नसतील तिथे असा अंदाज वापरता येतो. पण मग उद्योजकता सांगणारा तोच आणि कामगिरी सांगणाराही तोच. ज्याला स्वतःबद्दल चांगलं वाटतं तो दोन्हीकडे सहा-सात देणार, आणि संगणक म्हणणार की दोहोंत घट्ट नातं आहे.

वाट एका मालकांनीच दाखवली. नफा सांगायला त्यांनी नकार दिला, तोही अतिशय गोड शब्दांत. मग म्हणाले, "तुम्ही लाइट बिल घ्या की. त्यात काय लपवता येत नाही." इंडक्शन फर्नेसमध्ये एक टन लोखंड वितळवायला साधारण साडेपाचशे ते सातशे युनिट वीज लागते. बिलावरून किती लोखंड वितळलं याचा अंदाज निघतो, डिस्पॅचच्या नोंदीतून किती चांगलं कास्टिंग गेलं ते कळतं, आणि रिजेक्शनचं रजिस्टर तर प्रत्येक शॉपमध्ये असतंच. नफा विचारला की दार लावणारी माणसं रिजेक्शनचं रजिस्टर मात्र हौसेने उघडून दाखवायची, महिन्यागणिक, पार्टगणिक. त्यात त्यांचा जीव होता. मी कामगिरीचे चार आकडे ठरवले: चांगल्या मालाचं टनेज, रिजेक्शनची टक्केवारी, टनामागे वीज, आणि गेल्या तीन वर्षांत जोडलेल्या ग्राहकांकडून होणारी विक्री. हे चारही आकडे मालकाच्या मताशिवाय मिळत होते.

पहिल्या फेरीचं विश्लेषण निघालं तेव्हा मालकांच्या आकड्यांचा आणि या चारांचा संबंध अगदीच क्षीण होता. मी खचले. नंतर २००९ मधलं एक संकलन पुन्हा वाचलं. आंद्रेआस राउश आणि सहकाऱ्यांनी ५१ अभ्यास आणि १४,२५९ कंपन्या एकत्र करून हेच नातं तपासलं होतं. त्यांना सहसंबंध मिळाला ०.२४२ (शून्य म्हणजे नातं नाही, एक म्हणजे पूर्ण नातं). वर्ग केला तर जेमतेम सहा टक्के. जगभरच्या कंपन्यांच्या कामगिरीतल्या फरकाचा एवढाच वाटा या पट्टीला समजावता येतो. कमी नाही, पण ज्या आवेशाने वर्गात आपण 'इनोव्हेट ऑर पेरिश' शिकवतो त्या मानाने फार थोडा. शॉपमधल्या आकड्यांचं चित्र मला वेगळं दिसलं. जिथे चुकीला बोलणी कमी आणि मालक-कामगारांतलं अंतर लहान, तिथे रिजेक्शन वर्षभरात जास्त उतरलेलं होतं. बत्तीस कारखान्यांवरून मोठा दावा करायची माझी हिंमत नाही. पण हे मी रजिस्टरमध्ये बघितलंय, आणि मामांच्या साच्यात बघितलंय.

फळ कधी दिसतं हा प्रश्न उरला होता. झहरा आणि कोव्हिन यांच्या १९९५ च्या अभ्यासात सात वर्षांच्या आकड्यांवरून दिसलं होतं की उद्योजकतेचा परिणाम काळाबरोबर वाढत जातो, आणि परिस्थिती खडतर असेल तिथे जास्त. म्हणून मी दुसरी फेरी ठरवली. पण खडतर म्हणजे काय ते मला २०१८ मध्ये कुठे माहीत होतं. २०१९ मध्ये गाड्यांची मागणी पडली. त्याच ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं आणि कोल्हापूर कित्येक दिवस तुटलं. १ एप्रिल २०२० पासून गाड्यांच्या धुराचे बीएस-सिक्स नियम लागू होणार म्हणून इंजिनाचे पार्ट बदलले, आणि त्याच्या आठवडाभर आधी लॉकडाऊन. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर.

२०२२ मध्ये दुसऱ्या फेरीला निघाले तेव्हा बत्तीसपैकी सत्तावीस कारखाने त्याच नावाने चालू होते. दोन विकले गेले होते, तीन बंद. रीत अशी की जे उरले त्यांचीच पुन्हा मोजणी करायची. तसं केलं असतं तर निकाल झकास होता. २०१८ मध्ये धडाडीचे ठरलेले आणि आजही चालू असलेले कारखाने सगळ्यांत पुढे होते. पण बंद पडलेल्या तिघांतले दोघेही धडाडीच्याच रांगेतले होते. त्यांना वगळायचं आणि मग 'जोखीम घेणाऱ्यांचं भलं होतं' असं लिहायचं, हे मला करवेना. मी त्यांना शोधायला लागले.

एक जण भेटले. २०१८ मध्ये त्यांच्याकडे मी नट आणि खडू घेऊन गेले होते तेव्हा मालक आणि मोल्डर यांच्यातलं अंतर बत्तीस कारखान्यांत सर्वांत कमी होतं. त्यांनी तेव्हा नुकतीच हाय प्रेशर मोल्डिंग लाइन, म्हणजे वाळूचे साचे दाबून करणारी यंत्रणा, घेतली होती, कर्ज काढून, बीएस-सिक्सच्या पार्टसाठी. आता ते भाच्याच्या फाउंड्रीत मेथड्स, म्हणजे पार्ट कसा ओतायचा ते ठरवायचं काम, बघतात. भेटायला तिथेच बोलावलं. केबिनमध्ये न बसता पॅटर्न स्टोअरमध्ये घेऊन गेले. एका भिंतीला त्यांच्या बंद कारखान्याचे पॅटर्न रचून ठेवले होते, प्रत्येकावर पांढऱ्या रंगात पार्ट नंबर. "ग्राहकाचे ते ग्राहकाने नेले. हे आमच्या डेव्हलपमेंटचे," म्हणाले. मी त्यांना माझा तक्ता दाखवला, त्यांच्या कारखान्याची ओळ दाखवली. नाव नव्हतं, फक्त क्रमांक. २०१८ चे आकडे भरलेले आणि २०२२ च्या रकान्यांत सगळीकडे शून्य.

त्यांनी बराच वेळ ती ओळ बघितली. मग म्हणाले, "बंद पडला एवढंच लिहिलंय तुम्ही. कधी बंद पडला ते कुठाय?" मी म्हटलं, तसा रकाना नाही. "मग घाला. सॅम्पल मंजूर झालं फेब्रुवारीत, २०२०. शेड्यूल मिळणार होतं एप्रिलपासून. हप्ते जानेवारीपासून चालू झाले होते. ऑगस्टमध्ये बँकेला चावी दिली. ऑर्डर नंतर आली, ती दुसऱ्या कुणाला तरी गेली." तारखा त्यांनी न अडखळता सांगितल्या. मी लिहून घेतल्या. मला फक्त एवढंच दिसत होतं की माझ्या तक्त्यात ज्याला 'कामगिरी: शून्य' म्हटलंय, तिथे काम झालेलं होतं आणि मंजूरही झालेलं होतं. कमी पडले होते ते पाच-सहा महिने, आणि ते महिने तगून राहायला लागणारे पैसे.

त्या रात्री मी तक्त्यात तीन नवे रकाने केले: गुंतवणूक कधी केली, पहिला माल कधी गेला, आणि मधल्या काळात हाताशी किती महिन्यांचं खेळतं भांडवल होतं. उरलेल्या सत्तावीस कारखान्यांत त्यासाठी मी पुन्हा गेले. हा तिसरा प्रश्न विचारताना लोक थोडं थांबतात, कधी अकाउंटंटला बोलावतात, पण उत्तर देतात. कुणी अडीच महिने सांगितले, कुणी चार. नऊ प्रश्नांच्या पट्टीत हा प्रश्न कुठेच नव्हता. आमच्या फॉर्मवर आता तो दहावा आहे.